घड्याळ आणि दिवेलागण

म्हैसूरच्या चामराजपुरम भागातील एखाद्या घराच्या फाटकावरील दिवा टायमरच्या स्वाधीन करावयाचा झाल्यास प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा लागतो : टायमर घड्याळ जाणतो, दिवेलागण जाणत नाही. (‘कालनियंत्रक’ हा पर्याय भारदस्त खरा; परंतु काळावर या यंत्राचे काहीच नियंत्रण नसते.) म्हैसूरचा सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या थोडा आधी, तर जुलैच्या आरंभी सातच्या थोडा आधी होतो. तासाभराचे हे अंतर वर्षातून दोन-तीनदा वेळ बदलून सांभाळता येते. दिल्लीस ते दोन तासांचे असल्याने तेवढ्याने भागत नाही.

खरी अडचण वीज जाण्याची. जुना तबकडीचा टायमर विजेवरच फिरतो. वीज तासभर गेली की तोही तासभर मागे पडतो, आणि कोणी तबकडी सरकवीपर्यंत दिवा रोज उशिरा लागतो. बंद घरात हे ध्यानीही येत नाही. अंकदर्शी टायमर पोटातील बॅटरीमुळे वेळ राखतो. पाण्याच्या मोटरीस सुरू होताना कित्येक पट प्रवाह लागत असल्याने टायमरने कॉन्टॅक्टर चालवावा, आणि कॉन्टॅक्टरने मोटर. टाकी भरल्याचे मात्र दोघांनाही कळत नाही. तेथे तरंगत्या गोळ्याची कळ हवी, एरवी ठरलेली वेळ संपेपर्यंत पाणी गच्चीवरून वाहत राहते.