टायरवर लिहिलेली भरती

नारायणगावच्या बाहेर, पुणे-नाशिक महामार्गाला लागून असलेलं टायरचं दुकान. मे महिना, सकाळचे आठ. वाशीला टोमॅटो उतरवून रात्रभर गाडी हाणत परत आलेला एक पिकअपवाला दारात उभा. मागचा डावा टायर गुळगुळीत झालेला, उजव्याच्या बाजूला लिंबाएवढा फुगा.

"शेठ, ह्या वेळी जरा रुंद टायर टाका. गाडी भरली की मागं डुलती."

शेठनी टायरकडे पाहिलंही नाही. "पासिंग किती?"

"पासिंगचं काय घेऊन बसलाय? क्रेट किती भरतो ते विचारा."

"ते नको सांगूस. मला झोप लागायची नाही."

पासिंग म्हणजे आरटीओच्या कागदावर मंजूर असलेली भरती. शेठचा प्रश्न अस्थानी वाटेल, पण कायदासुद्धा तिथूनच सुरुवात करतो. मोटार वाहन कायद्याचं ५८वं कलम सांगतं, की माल वाहणाऱ्या गाडीचं जास्तीत जास्त वजन ठरवताना तिच्या टायरांची संख्या, प्रकार आणि साइज विचारात घ्यायची. आणि गाडी नोंदवताना रिकाम्या व भरलेल्या वजनाच्या जोडीला टायरची साइजही नोंदवायची. म्हणजे आरटीओच्या दप्तरात टायर आणि भरती एकमेकांना बांधलेली आहेत. आपल्याकडे टायर बदलताना लोक आधी किंमत विचारतात, मग कंपनी, मग 'दिसायला कसा' ते. भरतीचा विषय निघतो तो टायर फुटल्यावर.

टायरच्या बाजूला उठावाची जी अक्षरं असतात ती बहुतेकांनी कधी वाचलेली नसतात. चिखलानं भरलेली, काळ्यावर काळी. एकदा ओल्या फडक्यानं पुसून वाचावीत. बोलेरोचं उदाहरण घेऊ, कारण हा आकडा महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो: २१५/७५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी, २१५ मिलिमीटर. दुसरा शेकडेवारीत आहे: रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची टायरची उंची ही रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिमी. 'आर' म्हणजे रेडियल. आतले दोर आडवे, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे गेलेले. मिशेलिननं या रचनेचं पेटंट १९४६ साली घेतलं. शेवटचा १५ हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच नावात मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी जगात दुसरीकडे क्वचितच सापडेल, पण सगळ्यांनी ती मुकाट्यानं पचवली आहे. गणित केलं तर या टायरची एकूण उंची ७०३ मिमी आणि एका फेऱ्यात गाडी २ मीटर २१ सेंटिमीटर पुढे जाते.

इथवर तरुण पोरांनाही माहीत असतं. घोळ पुढे आहे.

२१५/७५ आर १५ हाच नंबर दोन अगदी वेगळ्या टायरांवर असू शकतो. एक प्रवासी गाडीचा. त्याच्यापुढे १०० एस असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुसऱ्यावर 'एलटी' ही अक्षरं आणि ८ पीआर असा शेरा असतो. एलटी म्हणजे लाइट ट्रक. रिमवर दोन्ही सारखेच बसतात, लांबून सारखेच दिसतात, आणि पहिला स्वस्त पडतो. १०० हा भारांक आहे. त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो. १०४ असेल तर ९०० किलो, १०७ला ९७५, ११२ला ११२०. मागचं अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०. पिकअपवाल्यानं या अक्षराची काळजी करू नये, त्याची गाडी तिथवर जात नाही. भारांकाची मात्र करावी.

आता भरून तीन टन होणारी पिकअप धरा. हौद्यात माल असला की वजनाचा मोठा वाटा मागच्या धुरीवर जातो. मागं १९०० किलो आले, तर प्रत्येक टायरवर ९५०. हा आकडा गाडी सपाटीवर उभी असतानाचा. वळणावर बाहेरच्या चाकावर त्याहून जास्त, खड्ड्यात आणखी जास्त. आठशेच्या टायरला इथे जागाच नाही. १०७चा टायर कागदावर पास होतो, पण काठावर. वर चार क्रेट टाकले की तोही नापास. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये वीस किलो माल असतो, आणि चारवर थांबलेला माणूस मी पाहिलेला नाही.

'८ पीआर' म्हणजे आठ थर, असं बहुतेक दुकानांत सांगतात. एके काळी ते खरं होतं. टायरच्या आत सुती कापडाचे थर असायचे आणि जितके थर तितकी ताकद. पुढे नायलॉन, पॉलिएस्टर आणि पोलादी तारा आल्या, थर कमी झाले, पण मोजमाप जुनंच राहिलं. आजचा ८ पीआर म्हणजे 'आठ सुती थरांइतका दमदार', आत थर दोनच असले तरी. या दमाचा खरा उपयोग हवा कोंडून धरायला होतो. वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. एलटीच्या ८ पीआर टायरमध्ये साधारण ६५ पीएसआयपर्यंत हवा भरता येते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेचार किलो. वर ९५० किलो आले की टायर रस्त्याला २१० चौरस सेंटिमीटरनं टेकतो: जेमतेम पावणेदोन पोस्टकार्डं. प्रवासी टायर ३५ पीएसआयच्या हिशोबानं बनतो; त्याला तेच वजन पेलायला जवळजवळ दुप्पट पसरावं लागतं. पसरला की बाजू वाकते, प्रत्येक फेऱ्यात वाकते, तापते, आणि तापली की आतले दोर रबरापासून सुटू लागतात. फुगा येतो तो असा. काँक्रीटच्या रस्त्यावर, मेच्या दुपारी, कमी हवेनं निघालेल्या गाडीचा टायर फुटला की लोक 'उन्हानं फुटला' म्हणतात. उन्हाचा हात त्यात लहानच असतो.

म्हणून "गाडी डुलती, रुंद टायर टाका" हे औषध चुकीच्या रोगावर आहे. डुलण्याचं कारण बहुधा कमी हवा, थकलेले पाटे (लीफ स्प्रिंग) किंवा हौद्याच्या बाहेर गेलेली भरती. रुंदीनं ताकद येते हा समज किती पोकळ आहे ते पाहायचं तर जड पिकअपना लागणारा ७.०० आर १५ हा टायर बघावा. इथे रुंदी इंचांत आहे, सात इंच, म्हणजे १७८ मिमी. २१५पेक्षा चांगलाच हडकुळा. दुसरा आकडा लिहिलेलाच नाही, कारण ही पद्धत जुनी आहे. अशा टायरची उंची रुंदीच्या जवळपास असते. दिसायला बारीक, उंच, ट्रकच्या पोरासारखा. पण पीआर जास्त, हवा जास्त, आणि वजन उचलण्यात तो रुंद भावाला मागे टाकतो. मला स्वतःला कामाच्या गाडीवर हाच टायर देखणा वाटतो. लग्नाच्या वरातीसाठी नसेल, पण त्यासाठी पिकअप घेतो कोण?

तरीही समजा, कुणाला रुंदी हवीच आहे आणि त्यानं २१५/७५ काढून २३५/७५ आर १५ बसवला. रिम तोच, म्हणून दुकानात काम दहा मिनिटांचं. पण टायरची उंची आता ७३३ मिमी झाली, तीस मिलिमीटर जास्त, सव्वाचार टक्के. गाडीच्या मीटरला हे कळत नाही. ते चाकाचे फेरे मोजतं. मीटरवर ६० दिसताना गाडी साडेबासष्टच्या वर असते. हजार किलोमीटर लागले म्हणून डिझेलचा हिशोब मांडला, तर खरे १०४२ झालेले असतात, आणि मालक ड्रायव्हरला म्हणतो, "ॲव्हरेज कसं काय पडलं रे?" काही पडझड मीटरची असते, काही खरी. खरी अशासाठी, की उंच चाक म्हणजे प्रत्येक गिअर सव्वाचार टक्क्यांनी लांबवल्यासारखं आहे. माळशेज चढताना जिथं दुसरा पुरत होता तिथं पहिला टाकावा लागतो, क्लच जळतो. उतरताना तर जास्त वाईट: इंजिनाचा अटकाव तेवढाच कमी पडतो आणि ती सगळी जबाबदारी ब्रेकच्या ड्रमवर येते. जमिनीपासूनची उंची वाढली ती पंधरा मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीएवढी. एवढ्यासाठी हा सौदा करायचा का?

जाणकार मेकॅनिक तीन टक्क्यांच्या आत राहायला सांगतात, आणि माझंही मत तेच आहे. त्यापुढं गेलं की मागं टायर पाट्यांना घासतो, पुढं पूर्ण वळण घेताना मडगार्डला. रिकाम्या गाडीत हे कळत नाही. भरल्यावर, पाटे बसल्यावर, घाटाच्या वळणावर कळतं.

हौशी पिकअपची गोष्ट जराशी निराळी. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स. या गाड्यांच्या हौद्यात टोमॅटो क्वचितच जातात. हायलक्सला आपल्याकडे २६५/६० आर १८ टायर येतो, उंची ७७५ मिमी. तिलाच परदेशात २६५/६५ आर १७सुद्धा मिळतो, त्याची उंची ७७६. एका मिलिमीटरचा फरक, पण लहान रिमवर रबर जास्त उंच राहतं, आणि सह्याद्रीतल्या दगडी वाटेवर रिम वाचवायला तेच रबर कामाला येतं. मोठ्या अलॉयचा मोह ज्यांना आहे त्यांनी हे गणित उलटं करून पाहावं: रिम इंचानं वाढला की तेवढं रबर घटतं, आणि खड्ड्याचा मार थेट धातूला.

रिम बदलायचाच असेल तर व्यास ही त्यातली सोपी बाब आहे. नटांचं वर्तुळ जुळावं लागतं, ज्याला सगळे पीसीडी म्हणतात. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी ज्या विलीज जीप जोडल्या, त्यांच्या चाकांना साडेपाच इंचाच्या वर्तुळावर पाच नट होते. साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिमी, आणि बोलेरोनं तेच पाच नट, तेच वर्तुळ पुढे चालवलं. हायलक्स आणि व्ही-क्रॉसचं वर्तुळही १३९.७चंच, पण नट सहा. 'पीसीडी सेम आहे' एवढं ऐकून जुन्या बाजारातून रिम आणणारे इथेच फसतात. शिवाय मधलं भोक, रिमची रुंदी (२१५च्या टायरला साडेपाच ते सात इंच चालते) आणि ऑफसेट, म्हणजे रिमची मधली रेषा आणि नट आवळायची जागा यांतलं अंतर. चाक बाहेर काढून गाडी 'भरलेली' दिसावी म्हणून काही जण मध्ये चकती घालतात. दिसते खरी, पण सगळं वजन बेअरिंगपासून लांब जातं आणि वर्षभरात बेअरिंग गुणगुणू लागतं. माल वाहणाऱ्या गाडीला चकती घालू नये. यावर मला चर्चा नको आहे.

कायद्याची बाजूही आहे. कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल ५२व्या कलमाला चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावलं. आणि जास्त भरतीला दंड वीस हजार, वर दर जादा टनाला दोन हजार.

दुकानात परत येऊ. शेठनी गोदामातून दोन टायर गडगडत आणले. टायरच्या बाबतीत आपला मुलूख तसा श्रीमंत आहे: सिएट भांडुप आणि नाशिकला, गुडइयर वाळूजला, ब्रिजस्टोन याच महामार्गावर चाकणला, एमआरएफ गोव्यात उसगावला. सिएटच्या नावाचा मूळ इटालियन अर्थ 'तोरिनोच्या विजेच्या तारा आणि तत्सम' असा काहीसा आहे, हे भांडुपच्या किती कामगारांना ठाऊक असेल कोण जाणे.

शेठनी पोराला फडकं मारायला सांगितलं आणि ड्रायव्हरला खाली बसवून वाचून दाखवलं. साइज तीच. एलटी आहे. भारांक जुन्यापेक्षा कमी नाही. आयएसआयची खूण. मग लांबट चौकटीतले चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर न वापरताही म्हातारा होतो. दुकानात तीन वर्षं पडलेला माल सवलतीत मिळतो तो उगाच नव्हे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे १.६ मिमी खाच उरली, की तो काढायचा. एका धुरीवर रेडियल आणि नायलॉन (म्हणजे रेडियल नसलेला, जुन्या रचनेचा) अशी जोडी लावायची नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे. रिकाम्या गाडीला वेगळी, भरलेल्याला वेगळी.

"आणि रुंद?" ड्रायव्हरनं एकदा विचारून घेतलं.

"पाटे बघून घे आधी. मागचं मेन पान तुटलंय तुझं."

खरंच तुटलं होतं. दोन एलटी टायर बसले, पाट्यांसाठी शेजारच्या गॅरेजात नंबर लागला. दुपारी गाडी भरायला निघाली तेव्हा हौद्याखाली स्टेपनी लटकत होती, प्रवासी गाडीची, १००च्या भारांकाची, चार आकड्यांत साल २०१५. तुमच्या पिकअपची स्टेपनी आज संध्याकाळी काढून एकदा वाचा.