प्रोटॉनच्या आत कोणाचा वाटा किती?

प्रोटॉन म्हणजे दोन अप आणि एक डाउन क्वार्क, हे शाळकरी चित्र अपुरं आहे. 1968च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळवले, तेव्हा आतल्या कणांचा सुगावा लागला. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांनी त्यांना पार्टॉन म्हटलं.

वेगवान प्रोटॉनच्या संवेगाचा 'एक्स' इतका हिस्सा घेऊन धावणारे क्वार्क किंवा क्वार्कांना बांधून ठेवणारे ग्लुऑन किती, हे सांगणारं फलन म्हणजे पार्टॉन वितरण.

अप क्वार्कांतून त्यांचे प्रतिक्वार्क वजा करून 0 ते 1 पर्यंतच्या सगळ्या एक्ससाठी बेरीज केली, की बरोबर 2 उरतात, डाउनचा 1. संवेगाचा हिशोब मात्र चकवतो: क्वार्कांकडे जेमतेम निम्मा, उरलेला ग्लुऑनांकडे!

खरी मेख पुढेच आहे. किती बारकाईने पाहावं, त्यानुसार ही वितरणं बदलतात. तो बदल डीजीएलएपी समीकरणं सांगतात. वितरणांचा सुरुवातीचा आकार मात्र मुख्यतः प्रयोगांच्या आकड्यांवरूनच बसवावा लागतो. हॅम्बर्गच्या हेरा त्वरकात एक्स लहान होत गेला, तसे ग्लुऑन झपाट्याने वाढताना दिसले.