माड हिरवागार, पण आत व्हायरॉइड? लॅबमध्ये तो कसा पकडतात?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. वाडी पुन्हा उभी करायची म्हणजे नवी रोपं लावायची आणि फळासाठी अनेक वर्षं थांबायचं. त्यामुळे रोप घेताना बागायतदार पानं, बुंधा, मुळं पारखून घेतो. पण एक रोगकारक घटक असा आहे, जो या पारखीत सापडतच नाही. त्याचं नाव व्हायरॉइड.

व्हायरॉइड म्हणजे काय?

व्हायरसच्या आत जनुकीय मजकूर असतो आणि बाहेर प्रथिनाचं कवच. व्हायरॉइडला कवचही नसतं. तो म्हणजे फक्त आरएनएचं छोटंसं कडं. कोरोना विषाणूचा आरएनए सुमारे ३०,००० 'अक्षरांचा' असतो, तर नारळावरच्या एका व्हायरॉइडचा सगळ्यात लहान प्रकार अवघा २४६ अक्षरांचा. १९७१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ थिओडोर डायनर यांनी बटाट्यावरच्या एका रोगाचा अभ्यास करताना 'व्हायरॉइड' हे नाव दिलं.

नारळाला धोका किती?

फिलिपिन्समध्ये 'कडांग-कडांग' या व्हायरॉइडजन्य रोगाने आतापर्यंत तीन कोटींहून जास्त माड मारल्याचा अंदाज आहे. लागण झाल्यावरही माड बराच काळ ठणठणीत दिसतो. मग नारळ गोल होतात, त्यांवर ओरखडे दिसतात, झावळ्यांवर पिवळे ठिपके येतात आणि पोय येणं थांबतं. शेवटी माड मरतो. या सगळ्याला ८ ते १६ वर्षं लागू शकतात. त्यावर औषध नाही.

कोकणात ही साथ नाही. पण व्हायरॉइड भारताला नवे नाहीत. लिंबूवर्गीय झाडांत ते इथेही आढळले आहेत.

मग लॅबमध्ये तपासतात कसं?

व्हायरससाठी वापरली जाणारी एलायझा चाचणी प्रथिन ओळखते. व्हायरॉइडमध्ये प्रथिनच नाही, त्यामुळे ती इथे निरुपयोगी ठरते. थेट आरएनएच शोधावा लागतो. सूचक झाडाची पद्धत सोडली, तर आधी पानाचा तुकडा कुटून त्यातला आरएनए वेगळा काढतात. मार्ग असे आहेत:

• सूचक झाड: लिंबूवर्गात संशयित झाडाचा डोळा 'एट्रॉग सिट्रॉन' या संवेदनशील झाडावर बांधतात आणि पानं मुरडतात का ते पाहतात. पद्धत भरवशाची, पण काही महिने लागतात.

• जेल: आरएनए जेलमधून विजेच्या साहाय्याने पळवतात. गोल कडं सरळ धाग्यापेक्षा मागे रेंगाळतं आणि तिथेच ओळखू येतं.

• डॉट ब्लॉट: नमुन्याचा थेंब पडद्यावर ठेवून त्यावर व्हायरॉइडला जुळणारा, खूण लावलेला धागा सोडतात. तो चिकटला तर ठिपका उमटतो. एका वेळी शेकडो नमुने तपासता येतात.

• आरटी-पीसीआर: कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेलं नाव. आरएनएचं डीएनएत रूपांतर करून त्याच्या असंख्य प्रती काढतात. त्यामुळे अगदी थोडा व्हायरॉइडही सापडतो.

निगेटिव्ह म्हणजे निरोगीच का?

दरवेळी नाही. व्हायरॉइड झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, त्यामुळे चुकीच्या झावळीचा नमुना घेतला तर तो निसटू शकतो. शिवाय पानातली काही रसायनं पीसीआरची क्रिया रोखतात. म्हणून एकाच झाडाचे एकाहून जास्त नमुने घेतात. सोबत खात्रीचा रोगी आणि खात्रीचा निरोगी नमुनाही लावतात. रोगी नमुनाच निगेटिव्ह आला, तर चूक चाचणीत आहे हे लगेच कळतं.

वाडीवाल्याने काय करायचं?

प्रत्येक रोपाची पीसीआर चाचणी परवडणारी नाही आणि तिची गरजही नाही. रोपं खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. रायगडच्या किनाऱ्यावरचे अनेक जण जहाजावर किंवा परदेशात नोकरीला आहेत. तिकडून येताना लावण्यासाठी एखादा नारळ बॅगेत टाकावासा वाटतो. पण परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय अशी लागवडीची सामग्री भारतात आणता येत नाही. हा नियम निव्वळ कागदी वाटतो खरा, पण ज्या रोगावर औषध नाही, तो वेशीवर अडवणं हाच त्यावरचा उपाय.