सुई टोचली? ‘सोमवारी बघू’ म्हणू नका

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतेय. दवाखान्यात किंवा लॅबमध्ये काम करणारं कुणी ओळखीचं असेल, तर त्यांना नक्की पाठवा.

कळमनुरीत मी एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचे. एका शनिवारी संध्याकाळी घाईत वापरलेल्या सुईला परत टोपण लावायला गेले आणि सुई ग्लोव्हमधून थेट बोटात! पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, हे मला माहीत होतं. हातपाय गार पडले. कुणाला सांगितलं तर लोक काय म्हणतील? म्हटलं, सोमवारी बघू.

इथंच माझं चुकत होतं. रात्री ओळखीच्या एका सिस्टरला फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, घाबरू नको, पण थांबू पण नको. आत्ताच्या आत्ता ये.”

तर असं आहे बघा. बाधित रक्ताची सुई टोचलेल्या १,००० जणांनी औषध घेतलंच नाही, तरी साधारण ३ जणांना लागण होते. म्हणजे धोका कमी, पण शून्य नाही. तो आणखी कमी करणाऱ्या औषधाला ‘पेप’ म्हणतात. पहिला डोस शक्यतो २ तासांत घ्यायचा. ७२ तास उलटले की उपयोग राहत नाही. विषाणू शरीरात पक्कं ठाण मांडायच्या आत त्याची वाढ रोखायची असते, म्हणून ही घाई. पेशंटच्या रिपोर्टसाठीही थांबायचं नाही. सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रविवारीही उघडा असतो.

आधी काय करायचं? साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीच लावू नका. लगेच वरिष्ठांना सांगा आणि नोंद करून घ्या.

गोळ्या २८ दिवस, एकही दिवस न चुकवता. मला पहिला आठवडा मळमळ झाली, झोप उडाली. पण गोळी सोडली नाही. तपासणी लगेच, मग ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी. तोवर कंडोम वापरायचा, रक्तदान करायचं नाही. हिपॅटायटिस बी आणि सीचीही तपासणी करा. लस न घेतलेल्यांना बी चा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याची लस आहे, आजच घ्या.

आणि हो, हे कुणाचे उपकार नाहीत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि पेप देणं ही संस्थेची जबाबदारी आहे. शंका असेल तर १०९७ वर फोन करा, मोफत आहे.

माझा सहा महिन्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. त्या पेशंटचं नाव मी आजवर कुणाला सांगितलं नाही. चूक त्याची नव्हती, टोपण मी लावत होते. वापरलेली सुई सरळ कटरमध्ये किंवा जाड डब्यात टाका. टोपण परत लावायचंच नाही.

काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात!