दोन चौकटींच्या मधली कोरी पट्टी

चित्रकथेतली बरीचशी गोष्ट चित्रांत नसतेच. ती दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत घडते. ‘दाराकडे लक्ष ठेव’ असे बजावून मालक बाहेर पडतो आणि गडी दारच पाठीवर घेऊन जत्रा बघायला जातो, ही जुनी लोककथा घ्यावी. पहिल्या चौकटीत उंबऱ्यावरचा मालक, दुसरीत जत्रेच्या गर्दीत दार वाहणारा गडी. बिजागऱ्या निखळणे, वाटेतल्या लोकांनी वळून पाहणे, यांतले काहीच काढलेले नसते. ते वाचक मनात उरकतो, म्हणून हसतो. मध्ये दार उपटण्याची चौकट घातली, तर विनोद तिथेच फुटतो.

ताण वाढवायचा असेल तेव्हा नेमके उलटे करतात. कुलपाकडे जाणारा हात, थरथरती किल्ली, आतून आलेली चाहूल: एकाच क्षणाच्या तीन अरुंद चौकटी. उजव्या पानाच्या तळाशी संकट आणि पान उलटल्यावर सुटका, ही युक्ती तर सगळेच वापरतात.

कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रामायण-महाभारतातले प्रसंग पोथीतल्या एकेका चित्रावर गाऊन सांगत आले. तिथे पुढचे चित्र केव्हा दाखवायचे ते गाणारा ठरवतो. छापील पानावर ही सत्ता वाचकाच्या डोळ्यांकडे जाते, आणि डोळे भलतीकडे धावू नयेत याची तजवीज चित्रकाराला आधीच करावी लागते. आधी बोलणारा डावीकडे, त्याचा फुगा वर; उत्तर देणारा उजवीकडे, फुगा जरा खाली. हे चुकले की उत्तर आधी आणि प्रश्न मागून वाचला जातो.

भारतातल्या सर्वांत गाजलेल्या चित्रकथांची सुरुवात बेंगळुरूशी जोडलेली आहे. ‘अमर चित्र कथा’ आधी 1965 मध्ये कन्नडमध्ये निघाली, जी. के. अनंतराम यांनी इंडिया बुक हाउससाठी पाश्चात्त्य परीकथा कन्नडमध्ये आणल्या. परीकथांच्या त्या दहा अंकांमुळे पुढे मुंबईत अनंत पै यांच्या संपादनाखाली आलेल्या ‘कृष्ण’ला अकरावा क्रमांक मिळाला. त्याची चित्रे राम वाईरकरांची. ‘शिवाजी’ अंकाची संहिता भा. रा. भागवतांची, तर चित्रे प्रताप मुळीक यांची. मराठी हातांचा या मालिकेत मोठा वाटा आहे.

तिचा एक दोषही मान्य करायला हवा: चौकटीच्या माथ्यावरचे निवेदन पुष्कळदा चित्रात दिसणारेच पुन्हा सांगते. राजा रागावला हे चेहऱ्यावर दिसत असताना वर तसे लिहिण्याचे कारण नसते. अर्थात 32 पानांत अख्खे चरित्र बसवायचे, तर वर्षे ओलांडायला निवेदनाशिवाय गत्यंतरही नाही. याच वाईरकरांनी 1983 पासून ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकात सुप्पंडी काढला, तेव्हा ती अडचण उरली नव्हती. हुकूम शब्दशः पाळणारा नोकर आणि कपाळाला हात लावणारा मालक एवढ्यावर गोष्ट उभी राहते. सांगण्याचे काम चेहरे करतात. कारागिरीच्या दृष्टीने ही छोटी पाने मोठ्या चरित्रांपेक्षा सरस ठरतात.

भाषांतरित आवृत्त्यांत फुग्याची अडचण वेगळीच. मूळ फुगा इंग्रजी मजकुराच्या मापाने काढलेला असतो. देवनागरीला मात्रा-वेलांट्या आणि उकारांसाठी ओळीच्या वर-खाली जागा लागते. अक्षर बारीक केले तर मुलांना वाचवत नाही आणि फुगा वाढवला तर पात्राचे डोके झाकते, म्हणून बहुधा संवादालाच कात्री लागते.