तेलातुपाचे काम

पाण्यात तेलाचा थेंब टाका. तो मिसळत नाही, वर तरंगतो. तेल, तूप, लोणी, चरबी ही सारी एकाच जातीची. यांना स्निग्ध पदार्थ म्हणतात. ते अंगात गेल्यावर काय करतात, ते आपण पाहू.

तेलकट ताट नुसत्या पाण्याने निघते का? नाही. साबण लागतो. पोटात साबणाचे काम पित्त करते. पित्त यकृतात तयार होते. ते तेलाचे बारीक थेंब करते. मग आतड्यात तेल पचते.

1 ग्रॅम पिठुळ अन्नातून 4 उष्मांक मिळतात. 1 ग्रॅम तेलातून 9 मिळतात. उरलेले चरबी होऊन कातडीखाली साठते. उपासमारीत ती कामी येते. थंडीत ऊब देते.

आणखी एक मोठे काम आहे. गाजर, मेथी, शेवग्याचा पाला यांतून 'अ' जीवनसत्त्व मिळते. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. जेवणात तेल मुळीच नसले, तर ते अंगी नीट लागत नाही. 'अ' जीवनसत्त्व फार कमी पडले, की मुलाला तिन्हीसांजेला दिसेनासे होते. हाच रातांधळेपणा. दुखणे वाढले तर डोळे कायमचे जातात!

म्हणून आम्ही सांगतो, मुलाच्या पालेभाजीला थोडे तेल घालाच. पण अति तेथे माती. फार तेलतूप खाल्ले तर अंग सुटते. आणि मूल अंधारात चाचपडू लागले, तर घरी बसू नका. लगेच दवाखान्यात न्या.