बॅटरीची टक्केवारी : मोजमाप नव्हे, अनुमान

विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या पडद्यावर २० टक्के चार्ज शिल्लक दिसतो आणि चढ लागताच तो आकडा झपाट्याने खाली येतो. प्रत्येक वेळी बॅटरी सदोष असतेच असे नाही. पेट्रोलच्या टाकीतील फ्लोट इंधनाची पातळी प्रत्यक्ष दाखवतो. सीलबंद लिथियम-आयन सेलमध्ये तशी सोय नसते. वाहनात बाहेरून मोजली जातात ती मुख्यतः व्होल्टेज, विद्युतप्रवाह आणि तापमान. त्यांवरून आतील स्थितीचे अनुमान बॅटरी व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच बीएमएस, काढते.

सर्वात सोपी रीत जमाखर्चाची : आत किती प्रवाह गेला, बाहेर किती आला. मात्र यात लहान चूकही साचत जाते. १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत मोजणी सतत ०.१ अँपिअरने चुकली, तर २४ तासांत हिशेब २.४ टक्क्यांनी ढळतो.

दुसरा आधार व्होल्टेजचा. निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलचे व्होल्टेज चार्जबरोबर ४.२ व्होल्टपासून उतरत जाते, त्यामुळे गाडी बराच वेळ उभी असताना ते पुष्कळसे विश्वसनीय ठरते. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची गोष्ट निराळी. उष्णतेत ते अधिक स्थिर असतात, त्यांत कोबाल्ट लागत नाही. परंतु मधल्या मोठ्या टप्प्यात त्यांचे व्होल्टेज ३.२ ते ३.३ व्होल्टच्या दरम्यान जवळजवळ सपाट राहते. तेथे काही मिलिव्होल्टची चूक टक्केवारीत मोठी ठरते. अशा सेलच्या गाड्या अधूनमधून १०० टक्के चार्ज करण्याची सूचना काही उत्पादक देतात ती याचसाठी. चार्ज पूर्ण होताना व्होल्टेज एकदम चढते आणि बीएमएसला हिशेब नव्याने जुळवता येतो.

चढावर अधिक प्रवाह खेचला गेला की अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज तात्पुरते घसरते. ही घसरण आणि खरोखर कमी झालेला चार्ज यांत फरक करण्यासाठी बीएमएसमध्ये सेलची गणिती प्रतिकृती असते, बहुधा रोध आणि कपॅसिटर यांचे कल्पित मंडल. प्रतिकृतीने वर्तवलेले आणि प्रत्यक्ष मोजलेले व्होल्टेज ताडून अनुमान क्षणोक्षणी सुधारले जाते. त्यासाठी रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. अपोलो चांद्रयानांच्या दिशादर्शनातही तिचा उपयोग झाला होता. डॉयल, फुलर आणि न्यूमन यांची १९९३ ची प्रतिकृती सेलमधील आयनांच्या हालचालींची समीकरणेच सोडवते. ती अधिक सखोल आहे, पण वाहनातील छोट्या प्रोसेसरला तिचा भार सहसा पेलत नाही.

त्याहून अवघड प्रश्न बॅटरीच्या आरोग्याचा. जुनी बॅटरी १०० टक्के दाखवते, ते तिच्या आजच्या क्षमतेचे १०० टक्के असतात. मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरल्यावर वाहनासाठी तिचे आयुष्य संपल्याचे सामान्यतः मानले जाते. सारखेच अंतर धावलेल्या दोन गाड्यांपैकी उन्हात, पूर्ण चार्ज अवस्थेत उभी राहिलेली गाडी बरीच अधिक झिजलेली असू शकते. म्हणून जुनी गाडी घेताना किलोमीटरचा आकडा पुरेसा नाही. बॅटरी पूर्ण भरून, संथपणे पूर्ण उतरवून प्रत्यक्ष किती अँपिअर-तास मिळतात, याच्या चाचणीचा अहवाल मागणे अधिक भरवशाचे.